मेनाला किती दिसतं?

फिलोमेना सांटरवर खोटारडेपणाचा पहिला आरोप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आरोप करणारे होते लादनर मास्तर. डोंगरातल्या गुर्नाऊ गावच्या शाळेला खोल्या दोन आणि शिक्षक दोन, त्यातले थोरले हे. त्यांनी फळ्यावर गणित लिहिलं आणि मेनाला (तिला घरीदारी सगळे मेनाच म्हणत) वाचायला उभं केलं. मेनाने मान वाकडी केली, हनुवटी वर उचलली आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत राहिली. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. वर्ग फिदीफिदी हसला.

"फळा इकडे आहे, राणीसाहेब," मास्तर म्हणाले.

"माहितीये."

"मग वाच की."

"सरळ बघितलं की पुसलं जातं."

मास्तरांनी तिच्या कानाखाली अशी वाजवली की शेजारच्या खोलीतला पाढा थांबला. मधल्या सुट्टीत याच मुलीने बाजूने भिरभिरत आलेला बर्फाचा गोळा हवेतल्या हवेत झेलला आणि फेकणाऱ्याच्या नाकावर परत हाणला. मास्तर खिडकीत उभे होते. त्या संध्याकाळी ते सांटरांच्या घरी आले, स्वयंपाकघरातल्या बाकावर बसून जवाचं सूप प्यायले आणि आईला म्हणाले, "पोरीला सगळं दिसतं. अभ्यासाचा कंटाळा आहे, आणि तो लपवायला खोटं बोलते. आत्ताच आवरा."

आईने आवरलं. तीन वर्षं आवरत होती. बाराव्या वर्षी मेनाने "मला दिसत नाही" असं ओरडत दुधाची कासंडी भिंतीवर आपटली, तेव्हा कुठे बाप तिला घेऊन इन्सब्रुकला गेला. तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत उजेड पाडून बघितलं. डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग मरत चालला होता. कडा शाबूत राहणार होत्या. म्हणजे जिथे नजर लावावी तिथे करडं भोक, आणि भोकाच्या भोवती रंगाचे डाग, काहीतरी हललेलं, काहीतरी सरकलेलं. समोरच्याचा चेहरा तिला आता जन्मात दिसणार नव्हता. त्या चेहऱ्याच्या बाजूने उडालेली माशी मात्र दिसली असती.

मास्तरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "मला कसं कळणार होतं?"

माफी म्हणून मेनाला जे काही मिळालं ते एवढंच.

पुढे ती आंधळ्यांच्या शाळेत मालिश शिकली आणि खालच्या गावातल्या हॉटेलात कामाला लागली. हात चांगला होता. माणसाच्या पाठीला चेहरा नसतो, तिथे तिचं काही अडत नसे. अडायचं ते रस्त्यावर. गुर्नाऊत तीनशे माणसं, आणि रस्त्यात समोरासमोर आलेल्या माणसाला ओळख दाखवली नाही तर ते वर्षभर लक्षात ठेवणारी तीनशे माणसं. मेना ताठ चालायची. पायाखालची वाट तिला कडेच्या नजरेने कळत असे, त्यामुळे काठी नाही, चाचपडणं नाही. समोरून कुणी आलं तर तिच्या लेखी एक काळपट डाग सरकत गेला. डाग बोलला तर आवाजावरून ती चटकन नाव घेई. डाग गप्प राहिला तर गप्प निघून जाई. आणि डागाच्या घरी त्या दिवशी जेवताना बोलणं होई: "सांटरांची मेना. माझ्या अंगावरून गेली. मान म्हणून हलवली नाही."

स्कीवर ती चौथ्या वर्षापासून होती, गावातल्या सगळ्यांसारखीच. डोळे गेले म्हणून ते सोडावं असं तिच्या मनातही आलं नाही. पाय कुठे गेले होते?

सेराफिन प्रांटल हा शेजारचा. तिच्याहून चार वर्षांनी मोठा. पोरवयात तो तालुक्याच्या स्की चमूत होता, वर्तमानपत्रात नाव यायचं. एकोणिसाव्या वर्षी गुडघा तुटला आणि नाव यायचं थांबलं. मग तो उतारावरचा बर्फ सारखा करणारं यंत्र चालवू लागला. मेना विशीत असताना एका जानेवारीत डोंगरावर असं धुकं उतरलं की स्कीचं टोक दिसेना. वर बारा-तेरा माणसं अडकली. सेराफिन पुढे झाला. "माझ्या आवाजामागून या, हळूहळू या," म्हणत, ओरडत तो खाली निघाला. माणसं वीत-वीत सरकत होती, पडत होती, देवाचं नाव घेत होती. आणि अर्ध्या उतारावर सेराफिनला मागून स्कीचा आवाज आला, सरळ, कापत येणारा. कुणीतरी त्याच्या खांद्याला घासून थांबलं.

"किती हळू जातोस रे!" मेना म्हणाली.

"तुला दिसलं कसं?"

"मला कधी दिसतं? तू ओरडत होतास, मी आले."

सेराफिनने तिथे धुक्यात उभं राहून तिला विचारलं, "मी जोरात गेलो तर?"

"तर मीही जोरात येईन. अडचण तुझी आहे, माझी नाही."

असं ते सुरू झालं. अशा शर्यती असतात हे दोघांनाही पुढच्या वर्षी कळलं. वाटाड्या पुढे, शर्यतवाली मागे. वाटाड्याच्या अंगात भडक नारिंगी कोट, आणि तो खांद्यावरून मागे ओरडत असतो: डावं, उजवं, बर्फ कडक, उडी, दाब, सोड. मेना हनुवटी वर धरी, म्हणजे नारिंगी डाग करड्या भोकाच्या खालच्या कडेला लोंबत राही. तो डाग आणि तो आवाज यांच्यावर ती ताशी नव्वदच्या वेगाने स्वतःला झोकून देई. नजर किती उरली आहे त्यावरून तीन गट असत: ज्यांना अगदीच दिसत नाही ते, ज्यांना बऱ्यापैकी दिसतं ते, आणि मधले. मेना मधल्या गटात. सहा हिवाळ्यांत तिने युरोपातली तीन पदकं आणि एक जागतिक कांस्य आणलं.

गावाच्या वेशीवर फलक लागला: 'गुर्नाऊ, आमच्या शूर मेनाचं गाव.' लादनर मास्तर एव्हाना निवृत्त होऊन गावच्या स्की मंडळाचे अध्यक्ष झाले होते. फलकाच्या उद्घाटनाला त्यांनी भाषण केलं. "शाळेत असल्यापासूनच या मुलीची जिद्द मी जवळून पाहिली आहे," असं म्हणाले. मेना सेराफिनच्या कानात म्हणाली, "जवळून म्हणजे हाताच्या अंतरावरून." सेराफिनला हसू आवरेना, आणि ब्रास बँडच्या मागे जाऊन त्याला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

शूर या शब्दाची तिला चीड होती. त्याच उतारावरून तसंच खाली येणाऱ्या सेराफिनला कुणी शूर म्हणत नसे. त्याला चांगला म्हणत. तिला चांगली व्हायचं होतं.

शहाण्णव सालच्या नोव्हेंबरात पत्र आलं. मेनाची पत्रं आई वाचून दाखवी; बाप दोन वर्षांपूर्वी गेला होता. पत्र या शर्यती भरवणाऱ्या महासंघाचं होतं. मेना सांटर यांच्या दृष्टीबाबत गंभीर शंका उपस्थित करणारी तक्रार आली आहे. तक्रारीची शहानिशा होईपर्यंत त्यांना कुठल्याही शर्यतीत उतरता येणार नाही. तज्ज्ञांकडून तपासणी अठरा मार्चला.

"परत वाच. तारीख वाच."

"अठरा मार्च."

जागतिक स्पर्धा फेब्रुवारीत होत्या.

मेनाने महासंघाला फोन लावला. पलीकडचा माणूस मृदू आवाजाचा होता. तारखा तज्ज्ञांच्या सोयीने ठरतात, म्हणाला. तक्रार कुणाची, ते सांगता येत नाही, म्हणाला. आणि मग, तिला बरं वाटावं म्हणून, "बाई, तुम्हाला खरंच दिसत नसेल तर काळजीचं काहीच कारण नाही."

"मला स्पर्धेत उतरायचंय. तुमच्याकडून दिलासा नकोय," मेना म्हणाली, आणि फोन असा ठेवला की खालच्या कपाटातल्या बशा वाजल्या.

तो हिवाळा तिने उतारावर एकटीने काढला, म्हणजे सेराफिनबरोबर, पण घड्याळाशिवाय. रोज सकाळी लिफ्ट सुरू व्हायच्या आधी दोघं वर जात आणि तो ओरडे आणि ती येई. फेब्रुवारीत ज्या दिवशी तिच्या गटाची जायंट स्लॅलम, म्हणजे खांबाखांबांतून वळत उतरायची शर्यत, होती त्या दिवशी तिने सहा पर्यटकांच्या पाठी चोळल्या. सहाव्याने विचारलं, एवढं जोरात का दाबताय?

मार्चमध्ये तपासणी झाली. तीन डॉक्टर होते. डोळ्यांत थेंब घातले, यंत्रात हनुवटी ठेवायला लावली, दिवे दाखवले, अक्षरं दाखवली. दुपारी, सगळं आटोपल्यासारखं वाटत असताना, त्यांच्यातल्या एकाने टेबलावरून पेन खाली जाऊ दिलं. फरशीवर टकटक वाजत ते मेनाच्या बुटाशी आलं. खोलीत कुणी काही बोलेना. ती शांतता मेनाला ओळखीची होती. खिडकीत उभे राहून बघत असलेल्या मास्तरांची शांतता अशीच असणार.

"तुमचं पेन पडलं," ती म्हणाली. "उचलून देऊ? की उचललं तर दिसतं असं ठरेल, आणि नाही उचललं तर नाटक करतेय असं?"

"सहज पडलं हो," डॉक्टर म्हणाले.

"मग सहज उचला."

महिन्याने एका ओळीचं पत्र आलं: आपला गट पूर्ववत कायम करण्यात येत आहे. खाली सही. चुकलो, वाईट वाटतं, तुमचं वर्ष बुडालं, यातला एक शब्दही नाही. मेनाने वकिलाकडून पत्र पाठवून आपल्या प्रकरणाचे सगळे कागद मागवले. मे महिन्यात जाड पाकीट आलं. गाई अजून गोठ्यातच होत्या, आई दूध काढून आली, हात पुसले आणि वाचायला बसली.

पहिला कागद लादनर मास्तरांचा. महासंघाने मंडळाचा अध्यक्ष म्हणून त्यांचं मत मागवलं होतं. मास्तरांनी लिहिलं होतं: 'मी नेत्रतज्ज्ञ नाही. आमच्या मंडळाने कु. सांटर यांच्यावर नेहमीच विश्वास ठेवला. तथापि उन्हाळ्यात त्या डोंगरावर ब्लूबेरी वेचताना मी त्यांना प्रत्यक्ष पाहिलं आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.'

"बोटांनी वेचते मी!" मेना ओरडली. "बोटांनी! त्या माणसाला बोटं नाहीत का?"

"ओरडू नकोस गं, गाई बिथरतात."

"दुसरा वाच."

दुसरा कागद म्हणजे मूळ तक्रार. टंकलेली, निनावी. आई वाचू लागली. ही बाई काठीशिवाय गावभर फिरते. मनात आलं की तिला दिसतं, मनात नसलं की दिसत नाही. दुकानात येते तेव्हा हसून बोलते, बाहेर मात्र माणसाला ओळखत नाही. आई एका ठिकाणी थांबली, घसा खाकरला, आणि पुढे म्हणाली, "मग शेवटी, 'सत्य बाहेर यावं एवढीच इच्छा.' झालं."

"कुणी लिहिलं असेल?"

"मला काय माहीत? जाऊ दे आता. सुटलीस ना?"

मेनाला जाऊ द्यायचं नव्हतं. जूनच्या पहिल्या रविवारी, चर्चनंतर, स्की मंडळाची वार्षिक सभा खानावळीच्या मोठ्या खोलीत भरली. बिअरचे मग, सिगारेटचा धूर, साठएक माणसं, आणि समोर टेबलामागे लादनर मास्तर. अहवाल झाला, टाळ्या झाल्या. मेना उठली.

"महासंघाकडे माझ्याविरुद्ध गेलेलं पत्र या सभेत वाचलं जावं."

"मेना," मास्तर म्हणाले, "तो विषय मिटला. निकाल तुझ्या बाजूने लागला, आम्हा सगळ्यांना आनंदच आहे. उगाच जुनं उकरून—"

"जुनं? मास्तर, माझा फेब्रुवारी गेला. तुमच्या ब्लूबेरींसकट वाचायचं, की नुसतं हे वाचायचं?"

खोलीत कुणीतरी मग खाली ठेवला. मास्तरांनी हात हलवला असावा, कारण पुढच्या क्षणी सेराफिनच्या खुर्चीचा आवाज आला आणि त्याने तिच्या हातातून कागद घेतला. तो वाचताना सूर चढवत नसे. उतारावर ओरडून ओरडून बाकीच्या वेळी त्याचा आवाज बसकाच असे.

ही बाई काठीशिवाय गावभर फिरते. मनात आलं की तिला दिसतं. दुकानात हसून बोलते, बाहेर ओळखत नाही. आणि मग सेराफिनने एक वाक्य वाचलं जे मेनाने ऐकलेलं नव्हतं: "'दफनाच्या दिवशी तिने शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडलं, दिवंगताच्या पत्नीसमोर दोन पावलांवर उभी राहिली आणि हात पुढे न करता पाठ फिरवून निघून गेली, ज्या बाईला डोंगरावरचे खांब दिसतात तिला काळ्या कपड्यातली विधवा दिसली नाही यावर कोण विश्वास ठेवील.'"

सेराफिनचा आवाज थांबला. खोलीत खुर्च्या करकरल्या. एक नव्हे, दहा-बारा, सगळ्या एकाच दिशेने वळल्यासारख्या. कुणी खोकलं. बूट फरशीवर घासले. मेनाच्या नजरेच्या कडेला फिकट डागांची एक रांगच्या रांग सरकली आणि स्थिर झाली.

"कुणाकडे बघताय?" मेनाने विचारलं.

मग तिने टेबलावर हात आपटला.

"मी विचारते, कुणाकडे बघताय सगळे? साठ माणसं आहात इथे, साठांना दिसतंय. एकाने सांगा!"

"मेना, बस खाली," मास्तर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा! माझ्याबद्दल महासंघाला सांगता येतं, आणि मला या खोलीत काय चाललंय ते सांगता येत नाही?"

तेव्हा सेराफिन तिच्या शेजारून, उतारावर डावं-उजवं सांगावं तसा, म्हणाला, "आफ्रा. बेकरीची आफ्रा. दाराजवळच्या टेबलाशी बसलीय. आता उठली. गेली बाहेर."

घरी आल्यावर मेनाने कोटही काढला नाही.

"तू एक वाक्य गाळलंस."

आई चुलीपुढे उभी होती. बटाटे आणि मांस परतत होती; उलथणं थांबलं. "मला वाचतावाचताच कळलं कोण ते. एकाच गावात राहायचंय आपल्याला. तुला त्रास नको म्हणून—"

"मी तुला वाचायला दिलं होतं. निवडायला दिलं नव्हतं."

"आईने एवढंही करू नये?"

"नाही! डोळ्यांनी जेवढं न्यायचं तेवढं नेलंय, आई. उरलेल्यातून तू काढून घेऊ नकोस."

त्या दिवशी सांटरांच्या घरात कुणी जेवलं नाही. तवा तसाच चुलीवर करपला. त्यानंतर मेना आपली पत्रं हॉटेलातल्या हिशेबनिसाकडून वाचून घेऊ लागली, आणि आईला ते किती लागलं हे दोघींपैकी कुणी कधी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेकरीत गेली. दारावरची घंटा वाजली. आत दोन बायका बोलत होत्या. त्या पैसे ठेवून, तिला वळसा घालून, निघून गेल्या.

"काय देऊ?" आफ्राचा आवाज आला.

"आफ्राबाई, तुमच्या नवऱ्याच्या दफनाला माझी आई तापाने घरी पडली होती. माझा दंड धरायला कुणी नव्हतं. मी पाणी शिंपडलं आणि वाटेच्या अंदाजाने वळले. तुम्ही कुठे उभ्या होता ते मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही."

"दोन पावलांवर होते."

"बोलला असतात तर—"

"मी?" आफ्रा गल्ल्यामागून बाहेर आली, पिठाचा वास जवळ आला. "माझा माणूस पेटीत होता. त्याच्याशेजारी उभी राहून मी तुला हाक मारायची? अगं मेना, मी इथे आहे, ये, माझं सांत्वन कर? वीस वर्षं मी तुझ्या हातात पाव देतेय. इथे 'आफ्राबाई, आफ्राबाई' करतेस, आणि रस्त्यात कुत्र्यासारखी ओलांडून जातेस. टीव्हीवर बघते तर खांबाखांबातून सुळकन निघतेस. मग मी काय समजायचं?"

"विचारायचं! इथे उभी असते मी रोज. विचारायचं, मेना, तुला काय दिसतं?"

"असं कुणाला विचारतात का!"

"मग महासंघाला कळवतात?"

मागच्या खोलीत भट्टीचं दार कुणीतरी उघडलं आणि बंद केलं. मग आफ्रा म्हणाली, आणि या वेळी आवाजातली धार गेली होती, "मला वाटलं नव्हतं ते तुला असं बाहेर काढतील. मला वाटलं, बोलावतील, जाब विचारतील. तुलाही जरा कळेल, कसं वाटतं ते."

"कळलं," मेना म्हणाली. "तुम्हाला लागलं, तेही कळलं. तेव्हा मला माहीत असतं तर दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात आले असते. पण माझी स्पर्धा गेली, आफ्राबाई. मी सत्तावीस वर्षांची आहे, अशा किती उरल्यात माझ्याकडे? ती तुम्ही कुठून आणून देणार?"

आफ्राने काउंटरवर पाव ठेवला. राईचा, नेहमीचा. मेनाने तो तिथेच राहू दिला आणि घंटा वाजवत बाहेर पडली. नंतर आफ्रा रस्त्यात दिसली की स्वतःहून "आफ्रा," एवढंच म्हणे, नाव, बाकी काही नाही. मेनाही "मेना" म्हणे आणि दोघी आपापल्या वाटेने जात. पाव मात्र मेना खालच्या गावातून आणू लागली. राग काही उतरला नव्हता, आणि तो उतरवण्याची तिला घाईही नव्हती.

स्की मंडळाचा राजीनामा तिने त्याच आठवड्यात दिला आणि खालच्या गावच्या मंडळात नाव घातलं. सेराफिननेही. वेशीवरचा फलक काढा, असं तिने पंचायतीला तीनदा कळवलं. तिसऱ्यांदा पंचायतीने 'शूर' एवढा शब्द रंगवून टाकला. त्या जागी पांढरा पट्टा राहिला आणि येणारेजाणारे विचारू लागले, तिथे काय होतं?

पुढच्या हिवाळ्यात मात्र रागाने घात केला. पाच शर्यतींत ती तीनदा पडली. चौथ्या शर्यतीत तिने सेराफिनला मागून गाठलं, तिची स्की त्याच्या स्कीवर चढली आणि दोघं जाळीत जाऊन आदळले. सेराफिनचं नाक फुटलं.

"मेने," तो बर्फात बसूनच म्हणाला, नाकाला हातमोजा लावून, "तू मास्तरला मागे टाकायला बघतेयस. पुढे मी आहे. मास्तर इथे नाही."

"माझ्या डोक्यात आहे."

"डोक्यात राहू दे, माझी ना नाही. पायात नको. माझं नाक एकच आहे."

ती हसली नाही. पण शरद ऋतूपर्यंत दोघांनी सगळी मोजणी नव्याने बसवली. किती गेट, म्हणजे खांबांच्या किती जोड्या, आधी 'डावं' म्हणायचं, कडक बर्फावर आवाज किती उशिरा पोचतो, उतार तुटताना कोणता शब्द. राग तिने सोडला नाही. सकाळी लवकर उठायला तिला तो उपयोगी पडे.

पुढच्या जागतिक स्पर्धा तीन वर्षांनी आल्या. मेना तिशीची झाली होती. जायंट स्लॅलमच्या पहिल्या फेरीत ती दुसरी होती. दुसऱ्या फेरीत वरच्या टप्प्यावर तिचा वेग सगळ्यांत जास्त होता, मधल्या वळणावर स्की किंचित घसरली, आणि खाली घड्याळ थांबलं तेव्हा तिसऱ्या मुलीपेक्षा तिला सेकंदाचे अकरा शतांश जास्त लागले होते. सेराफिनने आकडा वाचून दाखवला. मेनाने काठ्या बर्फात खुपसल्या.

कुंपणापाशी टीव्हीवाली मुलगी उभी होती. "फिलोमेना, किती प्रेरणादायी! तुमच्यासारख्यांना इथे उतरलेलं पाहणं हाच आमच्यासाठी विजय आहे. तुमच्या दृष्टीनेही, सहभाग हेच खरं यश, नाही का?"

"नाही," मेना म्हणाली.

"म्हणजे?"

"चौथी आले मी. हरले. अकरा शतांशांनी. त्या पहिल्या तिघींना विचारा सहभागाचं. नाहीतर मला विचारा मधल्या वळणावर काय चुकलं, ते सांगते."

मुलीला वळणाबद्दल काही विचारता येईना. तिने आभार मानले. संध्याकाळच्या बातम्यांत तेवढंच दाखवलं, 'नाही'पासून 'हरले'पर्यंत, आणि लादनर मास्तर खानावळीत म्हणाले म्हणे, की या मुलीला शाळेपासूनच वळण नव्हतं.

मेना आणखी चार हिवाळे शर्यतीत उतरली. पुढच्या जागतिक स्पर्धांमध्ये तिला रौप्य मिळालं, सोनं कधीच मिळालं नाही, आणि मग पुन्हा एक गुडघा तुटला, या वेळी तिचा. पण त्या चौथ्या क्रमांकाच्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं. गाडी खिंडीतून वर चढत होती, सेराफिन चालवत होता, तिच्या मांडीवर खारवलेल्या मांसाचा तुकडा आणि चाकू होता आणि ती बोटांच्या अंदाजाने पातळ काप काढून एक त्याला, एक स्वतःला देत होती.

"सातव्या गेटला तू 'उजवं' उशिरा म्हणालास."

"वेळेवर म्हणालो. तू उशिरा ऐकलंस."

"माझे डोळे गेलेत सेराफिन, कान नाहीत. उशिरा म्हणालास."

"त्याच्या आधीच्या गेटला तू बाहेर गेलीस. मी वळून बघितलं, म्हणून अर्धा श्वास उशीर झाला."

"तू वळून बघतोस कशाला? मी येतच असते मागे!"

"आणि नाक?"

"नाकाचं राहू दे. वळायचं नाही. वळलास म्हणूनच तर गेले ना ते अकरा."

"बरं, वळणार नाही."

"मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतास," मेना म्हणाली, आणि मांसाचा पुढचा काप, जाड निघालेला, तिने स्वतःच्या तोंडात टाकला.